सहाव्या प्रकरणातला नमुना

सूड उगवायला माणसं काय काय करतात. मी डॉक्युमेंटेशन केलं.

खराडीतल्या आमच्या ऑफिसात एम्युलेटर बनत होता. म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर जुन्या चिपचं सोंग घेणारा प्रोग्राम. परदेशातल्या एका कंपनीची यंत्रं ज्या चिपवर चालत ती आता मिळेनाशी झाली होती आणि जुने प्रोग्राम त्यांना टाकवत नव्हते. आतलं काम कसं चालतं ते समजावणारं डॉक्युमेंट त्यांना हवं होतं. ते लिहील त्याच्याकडेच पुढचा टप्पा, असंही त्यांनी कळवलं होतं. तो टप्पा मला हवाच होता, कारण निम्मा कोड माझा होता.

आमचा मॅनेजर पुण्याचा, मी यवतमाळची. "काय करून राहिल्या, बाई?" असं तो माझ्या बोलीची नक्कल करत सगळ्यांदेखत विचारायचा आणि सगळे हसायचे. सुरुवातीला मीही हसायची.

मी पाच प्रकरणं लिहिली. एम्युलेटर दर वेळी एकेक सूचना वाचत बसत नाही. प्रोग्राम जिथे दुसरीकडे उडी मारतो तिथपर्यंतच्या सूचनांचा गठ्ठा, म्हणजे एक ब्लॉक, उचलतो, नव्या चिपच्या भाषेत एकदाच उतरवतो आणि जपून ठेवतो. पुन्हा तीच जागा आली की तयार ब्लॉक चालवतो, कणीक एकदाच मळून ठेवावी तसं. एका ब्लॉकमागून नेहमी दुसरा ठरावीकच येत असेल तर दोघांना थेट जोडून टाकतो, मधे विचारणा नाही. हे सगळं चित्रांसकट लिहून पहिल्या पानावर आमची दोघांची नावं टाकली आणि फाइल त्याला पाठवली.

संध्याकाळी ती परत आली. माझं नाव गेलं होतं. बाकी एका अक्षराला हात लागला नव्हता, म्हणजे वाचलं काहीच नव्हतं. मी त्याच्या टेबलाशी गेले.

"अहो, पहिल्या पानावर गर्दी कशाला?" तो म्हणाला. "आपलं टायपिंग मात्र सुरेख आहे हं."

तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार करता आली असती, पण तक्रारीवर चौकशी होते, सूड उगवला जात नाही. मला सूडच हवा होता.

जागेवर येऊन मी सहावं प्रकरण लिहिलं. प्रोग्रामने स्वतःच्याच सूचना बदलल्या तर जपून ठेवलेला ब्लॉक शिळा होतो. एम्युलेटर तो फेकतो आणि नव्याने भाषांतर करतो. ही युक्ती माझीच. दाखल्यासाठी एक छोटा नमुना प्रोग्राम दिला, चिपला कळणाऱ्या नुसत्या आकड्यांत. खाली सरळ लिहिलं: हा नमुना एक ओळ छापतो आणि थांबतो. कळ दाबली की कोणती ओळ छापायची ती सूचना बदलतो आणि नवी ओळ छापतो. लपवलं काहीच नाही. वाचणाऱ्याला सगळं कळलं असतं.

फाइल पुन्हा पाठवली तेव्हा त्याने नमुना माझ्यासमोरच चालवून पाहिला. पडद्यावर 'लेखन' आणि त्याचं स्वतःचं नाव आलं. गडी इतका खूश झाला की पडद्यावरची खिडकी बंद करून चहा प्यायला गेला. कळ काही दाबली नाही. मीही मागोमाग गेले आणि त्याच्याच पैशाने चहा प्यायले. इतका गोड चहा त्या ऑफिसात कधी लागला नव्हता.

मीटिंगच्या दिवशी परदेशची माणसं मोठ्या पडद्यावर होती आणि आमची अख्खी टीम खोलीत. त्याने नमुना चालवला, त्याचं नाव झळकलं, तो नम्रपणे हसला. त्यांच्यातल्या एका बाईंनी सहावं प्रकरण वाचलं होतं. त्या म्हणाल्या, आता कळ दाबा.

त्याने दाबली. 'लेखन', आणि खाली माझं नाव.

पडद्यावरच्या बाई मोठ्याने हसल्या आणि ह्या कोण, त्यांच्याशी बोलायचंय, असं म्हणाल्या. त्याचे कान लाल झालेले मी डोळे भरून पाहिले. आजही आठवलं की बरं वाटतं.

"काहीतरी बग आहे," तो पुटपुटला.

"बग नाही सर," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "तेच तर सहाव्या प्रकरणात सांगून राहिली मी."