तारीखताईंचं पत्रक

चार उशांपैकी दोन उशांना धुतलेले अभ्रे चढले होते, तिसरा निम्मा चढला होता, तेवढ्यात ताई आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, गादी उचल जरा." गादी उचलायची म्हणजे पलंगाचं झाकण उघडायचं. आमच्या पलंगात पांघरुणं नाहीत, पुस्तकं आहेत. पांघरुणं वर्षभर खुर्च्या अडवून बसतात आणि पाहुणे उभे राहतात.

ताई माझ्या थोरल्या नणंद. तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. तो बंद पडला तेव्हा त्यांनी आमच्या पुढच्या खोलीत स्वतःचं प्रकाशन थाटलं. ज्यांना कोणी दारात उभं करत नाही अशांची पुस्तकं त्या काढतात. आजवर अकरा निघाली. पण लोक त्यांना ओळखतात ते पत्रकामुळे. दर महिन्याला चार पानं. पुस्तकांचं प्रदर्शन कुठे आहे, तिथे टेबल कसं मिळतं, कुठलं वर्तमानपत्र परीक्षणासाठी प्रती मागवतंय, कुठल्या कॉलेजला खरेदी करायची आहे, कुठल्या पुरस्काराची मुदत कधी संपते. हे सगळं फोन करकरून आणि कचेऱ्यांचे जिने झिजवून जमवायचं, मग एकशे ऐंशी छोट्या प्रकाशकांना, लेखकांना पोस्टाने धाडायचं. घड्या मी घालते. एका घडीला देवाचं एक नाव, म्हणजे दोन्ही कामं होतात. मंडळींनी ताईंना तारीखताई करून टाकलंय. आमचे हे म्हणतात, ताईला स्वतःचा वाढदिवस सांगावा लागतो, जगाच्या तारखा मात्र तोंडपाठ.

त्यांचा एक नियम आहे. आधी दुसऱ्यांचं, आपलं सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. जागा कधीच उरत नाही. मी एकदा विषय काढून पाहिला होता. त्यांनी पेन्सिलीला टोक काढणं चालू ठेवलं, एवढंच.

या खेपेला वाचनालयांच्या निवड यादीची बातमी होती. दोन वर्षांतून एकदा ही यादी होते. तिच्यात पुस्तक आलं की ते गावोगावच्या वाचनालयांत जातं. अर्ज आणि दोन प्रती, मंगळवारी पाचच्या आत. ताईंनी पहिल्या पानावर चौकट टाकली आणि खाली छापलं, मुदत कडक आहे, नंतर गयावया करू नये. मग आठ दिवस फोनला उसंत नव्हती. कोणाला अर्ज कळेना, कोणाला शिक्का कुठे मारायचा ते कळेना. तेवीस जणांचे अर्ज ताईंनी स्वतः भरून दिले. आज बुधवारी सकाळी फाइल आवरायला घेतली आणि तळाशी चोविसावा निघाला, न भरलेला. आमचाच.

तो कंपाउंडरकाकांच्या पुस्तकाचा होता. चाळीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीतून बाटल्या देताना जी माणसं पाहिली, ती त्यांनी लिहून काढली आहेत. आता त्यांचे डोळे चाललेत. डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर. गेल्या महिन्यात ते आमच्या पलंगावर, म्हणजे स्वतःच्याच तीनशे प्रतींवर, बसून म्हणाले होते, "ताई, मला बाकी काही नको. वाचनालयातल्या पुस्तकाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी असते ना, ती माझ्या पुस्तकावर बघायचीय. दिसतंय तोवर." ताईंनी शब्द दिला होता.

अर्ज भरला, दोन प्रती घेतल्या आणि आम्ही निघालो. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. कारकून ओळखीचा, बापडा सज्जन. त्याने ताईंकडे पाहिलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. मागच्या फळ्यावर ताईंचं पत्रक टाचलेलं होतं, चौकटीखाली लाल रेघ. सकाळपासून दोघांना हेच दाखवून परत पाठवलं, म्हणाला. तुम्हाला आता काय दाखवू?

"तेच दाखवा," ताई म्हणाल्या.

तो उठला, दार ढकलून आला. आलेल्या अर्जांचे गठ्ठे अजून बांधायचे होते. "द्या इकडे," तो हळूच म्हणाला. "कालच्यात सरकवतो. कोणाला कळतंय?"

मी मनात देवाला हात जोडले, ताईंना हो म्हणू दे. खरं ते लिहिते.

ताईंनी विचारलं, "ते दोघे कोण होते?"

एक ताईंचाच वर्गणीदार होता, पावसापाण्याच्या नोंदींचं पुस्तक स्वतःच छापलेला. दुसरी एक म्हातारी बाई, दोन बस बदलून आलेली.

ताईंनी प्रती पिशवीत परत ठेवल्या.

जिन्याच्या वळणावर त्या बसल्या. माझ्या तोंडून गेलं, "त्या दोघांना तुम्ही कधी पाहिलंसुद्धा नाही, ताई. काका तर घरचे आहेत."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. मग गुडघा चोळू लागल्या. "तेवीस भरले गं. चोविसाव्याला दहा मिनिटं लागली असती."

मी विचारलं, कोपऱ्यावरच्या वाचनालयाला नुसतीच एक प्रत भेट दिली तर? भेट आलेली पुस्तकं ते नंबर न घालता वेगळ्या कपाटात कोंबतात, हे त्यांनीच मागे पत्रकात छापलं होतं. तेही त्यांनाच मला सांगावं लागलं.

घरी आलो तर तिसरी उशी तशीच, अर्धी आत, अर्धी बाहेर. ताई तिच्यावरच डोकं टेकून पडल्या. मी काही उठवलं नाही.

संध्याकाळी देवापुढे बसले, पण काय मागावं ते सुचेना. काकांचे डोळे मागावेत तर ते आपल्या चुकीवर पांघरूण घातल्यासारखं वाटलं. नुसतंच नाव घेत राहिले. आत ताई पुढच्या महिन्याच्या पत्रकाचे कागद पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. कोरेच होते. आमचे हे फोन लावून देतो म्हणाले, म्हणजे काकांना निदान कळेल तरी. ताई नको म्हणाल्या. फोनवर सांगितलं तर ते असू दे, असू दे म्हणतील आणि फोन ठेवतील. समोर बसून सांगायचं.

उद्या दहा वाजता ताईंना घेऊन कंपाउंडरकाकांकडे जायचं आहे.