वर देऊळ कुणाचं?

गुरुवारी माझा धाकटा भाऊ अनिल वारला. आज बेकरीवरून जाताना झातरच्या, म्हणजे इथल्या ओव्यासारख्या वासाच्या पाल्याच्या, रोटीचा वास आला आणि मला रास अल खैमाचा डोंगर आठवला.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघे भाऊ इथे आखातात, जबल अली बंदरातल्या एका गोदामात कामाला होतो. जबल म्हणजे डोंगर, हे कळल्यावर अनिल चिडला. "नावात डोंगर आणि इथं नुसते कंटेनर! दादा, मी गावी चाललो." त्याला थांबवायला शुक्रवारच्या सुट्टीत मी मित्राची पिकअप मागून आणली आणि त्याला रास अल खैमाच्या डोंगरावर नेलं.

चढताना पायांखाली रानटी झातर चुरगळत होता. माथ्याच्या अलीकडे अनिलने गावच्या देवळांच्या डोंगरांवरल्या सवयीने बूट काढले आणि शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्या अरबाला विचारलं, "चाचा, ऊपर मंदिर किसका है?"

म्हातारा हसला. "किसी का नहीं, हबीबी. सिर्फ जबल."

वर खरंच ना झेंडा होता, ना घंटा. राखाडी कड्यांमागे कडे, थेट समुद्रापर्यंत. एवढं अफाट, आणि कुणाच्याच नावाचं नाही. अनिल कितीतरी वेळ अनवाणीच उभा होता. मग हळूच म्हणाला, "राहतो, दादा."

तेव्हा वाटलं, मी त्याला थांबवलं. आता वाटतं, त्याला डोंगराने थांबवलं.

तो शेवटपर्यंत इथेच राहिला. आता खोलीत मी एकटा आहे.