करावे गावचा ब्रह्मदेश

"जेवलाव का रं पोरांनू?"

फोटोंच्या खोक्याचं झाकण उघडलं की मावशी आधी हे विचारायच्या आणि मग मऊ फडक्याने एकेका शिपायाचं तोंड पुसायला घ्यायच्या. खोक्यातली पोरं म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचे, दुसऱ्या महायुद्धातले सैनिक. कुणी तंबूपुढे ताठ उभा, कुणी वाळूच्या पोत्यांच्या चौकीत बंदूक घेऊन बसलेला, कुणी स्टुडिओतल्या खोट्या खांबाला टेकलेला. त्यांतलं कुणी उत्तर देणार नाही, हे मावशींना ठाऊक होतं. तरी त्या क्षणभर थांबायच्या आणि "बरं, ऱ्हाऊ दे" म्हणून कामाला लागायच्या.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमचं अभिलेखागार, म्हणजे जुने कागद आणि फोटो सांभाळायची कचेरी, मुंबईहून उचलून बेलापूरला आणलं गेलं. इमारत नवी, रस्ते नवे, रस्त्याकडेची झाडं गुडघ्याएवढी. मी मूळचा साताऱ्याकडचा, नेरूळला फ्लॅट घेऊन राहिलेला. पदाने कनिष्ठ लिपिक आणि कामाने छायाचित्र विभागाचा सर्वेसर्वा, कारण त्या विभागात दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. मावशी जवळच्याच, खाडीकाठच्या करावे गावच्या. घरची शेतजमीन नव्या शहरात गेली, बदल्यात प्रकल्पग्रस्ताचा दाखला हातात आला, आणि त्या दाखल्यावर त्या आमच्याकडे रोजंदारीवर लागल्या. झाडलोट करायची, फोटो पुसायचे, डांबरगोळ्या बदलायच्या, कुठे कसर लागली आहे का ते बघायचं. पन्नाशीच्या आसपासचं वय, गुडघ्यापर्यंत खोचलेलं नऊवारी लुगडं आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर बोलल्या तर रिक्षावाला वर बघायचा.

त्यांच्या बोलीत 'तुम्ही' हा प्रकारच नव्हता. आमचे साहेब म्हणजे कडक इस्त्रीचे गृहस्थ. त्यांच्याशी बोलताना आम्ही शब्दाशब्दाला वाकायचो. मावशी दारातून विचारायच्या, "साएब, च्या घेतलास का?" पहिल्या दिवशी साहेबांच्या हातातलं पेन थांबलं. दुसऱ्या दिवशीही थांबलं. महिन्याभरात ते "घेतला, घेतला" म्हणायला शिकले.

फोटो हाताळताना पांढरे हातमोजे घालायचेच, असा साहेबांचा हुकूम होता. मावशींनी हातमोजे चढवले, दोन्ही हात वर करून बघितले आणि म्हणाल्या, "मी तं लग्नातला बँडवाला दिसतंय." नंतर आठवडाभर त्या हातमोजे घातले की तोंडाने बँड वाजवायच्या. साहेब बाहेर आले की बँड बंद. साहेब माझ्याकडे बघायचे, मी मावशींकडे बघायचो, आणि मावशी निरागसपणे म्हणायच्या, "मी कुटं काय बोलली?"

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. एखादा उद्योग करून झाला की त्यांच्या तोंडून हे ठरलेलं यायचं.

एकदा मी दोन दिवस रजेवर होतो. परत येऊन बघतो तर खोक्यातल्या सगळ्या फोटोंचा क्रम बदललेला. मी महिनाभर खपून अनुक्रमांक लावले होते. मावशींना वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी आपल्या पद्धतीने मांडणी केली होती. हसरे एका बाजूला, कपाळाला आठ्या घातलेले दुसऱ्या बाजूला, आणि नुसते घाबरलेले मधे.

"अहो मावशी, हे काय केलंत?"

"रोज शेजारी शेजारी ऱ्हायचं, तं तोंडं बरी पायजेत. यो मिशीवाला त्या बारक्या पोराच्या बाजूला व्हता. पोर दबून गेलंवतं."

"पण नंबर होते त्यांना!"

"मी कुटं काय बोलली? ती त्यांची त्यांची उठून बसली."

मी कपाळाला हात लावला. पण गंमत अशी की त्यानंतर कुणी अभ्यासक आला आणि मला फोटो सापडेना की मी हळूच मावशींना विचारायचो. नंबर सांगून उपयोग नसायचा. "डावा मोजा खाली आलेला, कान मोठे" असं सांगितलं की फोटो चहा गार व्हायच्या आत टेबलावर. हे मी साहेबांना कधी सांगितलं नाही, त्यांच्या समोर ती माझी हुशारी होती.

आता त्या फोटोकडे येतो.

फोटोच्या मागे पेन्सिलीने इंग्रजीत 'चौकी नंबर चार' एवढंच लिहिलेलं होतं. समोर वाळूच्या पोत्यांची चौकी, तीत दोन शिपाई. मागे चिखल, चिखलात रोवलेले खुंट, त्यापलीकडे दोन शिखरांचा डोंगर. आणि अगदी डाव्या कडेला, जरा धूसर, डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई. फोटो ज्या पाकिटात सापडला त्यात बाकीचे फोटो ब्रह्मदेशच्या आघाडीवरचे होते. मग काय, मी त्याच्या नोंदीच्या कार्डावर लिहिलं : 'ब्रह्मदेश आघाडी. चौकी. मागे स्थानिक ब्रह्मी स्त्री.' त्या ब्रह्मी स्त्रीचा मला फार अभिमान वाटला होता.

साहेबांना ती इतकी आवडली की त्यांनी रविवारच्या पुरवणीत तिच्यावर लेख लिहिला. तिच्या नेसण्याबद्दल एक सबंध परिच्छेद होता. मग त्यांनी सैनिकांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं आणि हा फोटो दाराएवढा मोठा करून घेतला. तो कचेरीत आला त्या दिवशी मी खालची पट्टी मोठ्याने वाचत होतो. मावशी फडकं घेऊन उभ्या होत्या.

"भाऊ, काय म्हनालास? परत वाच."

मी परत वाचलं.

"बरमा? आनि ही बरमाची बाई?" मावशी खालीच बसल्या. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "अरं, ही आमची कोन तरी म्हातारी हाय. चिंबोऱ्या घेऊन चाललीय, तू खेकडं म्हनतंस ती. पाटी बघ कशी कलती धरलीय, पानी अंगावर गलू नये म्हनून. यी खुंटं जाल्याची. माजा सासरा तितंच जालं लावायचा. आनि यो डोंगर! यो तं आमचा हाय!"

त्यांनी मला दंडाला धरून खिडकीशी नेलं. समोर बेलापूरचा डोंगर.

"पण मावशी, फोटोत दोन शिखरं आहेत. इथे एकच आहे."

"दुसरं खानवाल्यांनी खाल्लं. माजं लगीन झालं तवा व्हतं."

मी त्या खिडकीत उभा राहून दिवसातून तीनदा चहा प्यायचो. समोर अर्धा कापलेला डोंगर, त्याच्या पांढऱ्या जखमेवर फिरणारे ट्रक, आणि माझ्या हातात त्याच डोंगराचा धडधाकट फोटो. माझ्या डोक्यात एकदाही काही आलं नव्हतं. मावशी मात्र आता हसत नव्हत्या. त्या दाराएवढ्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बोटाने डोंगराची कड हवेतच गिरवत राहिल्या. आपल्या गावचा किनारा त्यांना पंचवीस वर्षांनी सबंध बघायला मिळत होता, आणि खाली मी दुसऱ्या देशाचं नाव लिहून ठेवलं होतं.

खरं तर मी तेव्हाच साहेबांकडे जायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात मावशींना कायम करायचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर होता. सहा वर्षं रोजंदारी झाली होती. साहेबांचा एक शेरा आणि एक सही, की मावशींचं म्हातारपण मार्गी लागणार होतं. "कायम झाली का पोराच्या तोंडाकडं बघाय नको," असं त्या नेहमी म्हणायच्या. साहेबांचा लेख छापून आला होता, पत्रिका वाटल्या होत्या. अशा वेळी त्यांची ब्रह्मी स्त्री करावे गावची चिंबोरीवाली निघाली असती तर तो शेरा कसा पडला असता, ते तुम्हीच समजा.

"मावशी, ऑर्डर निघेपर्यंत गप्प बसा," मी म्हणालो. "नंतर बघू."

मावशींनी गळ्याला चिमटा घेतला. "एकवीरा आईची आन. मी येक अक्षर नाय बोलनार."

मावशींनी शपथ पाळली. तंतोतंत पाळली.

उद्घाटनाला पाहुणे म्हणून एक निवृत्त लष्करी अधिकारी आले होते. सत्तरी उलटलेले, पांढऱ्या मिशांचे, तरुणपणी स्वतः ब्रह्मदेशात लढलेले. साहेब छडी घेऊन त्यांना मोठ्या फोटोसमोर घेऊन गेले. "पाहा सर, हा तिथला दलदलीचा प्रदेश. ही स्थानिक स्त्री. तिच्या नेसण्यावरून..."

एवढ्यात दारातून अकरा बायका आत आल्या. नऊवारी, केसांत अबोलीचे गजरे, हातात हिरव्या बांगड्या. सगळ्या करावे गावच्या. पुढची बाई फोटोसमोर आली आणि गपकन थांबली.

"अगो, यो आपला डोंगर नं?"

"आपलाच! दोनी टोकं हायत बघ!"

"आनि ही बाय तं माजी आजेसास हाय!"

"तुजी कशी? पाटी डाव्या हातान धरलीय. डावखुरी आमच्या घरान व्हती."

"तुमच्या घरान कवा कोनी चिंबोऱ्या धरल्या गो?"

मग जे भांडण लागलं ते विचारू नका. एक म्हातारी पुढे होऊन फोटोतल्या बाईच्या पाया पडली, दुसरीने तिला "माज्या मानसाला तू का पाया पडतंस" म्हणून मागे ओढलं. साहेबांची छडी हवेत तशीच राहिली. पाहुण्यांनी चष्मा लावला, फोटोत डोकं खुपसलं आणि ते खो खो हसायला लागले.

"मला आल्यापासून वाटत होतं की असं ठिकाण मी तिथे काही बघितलेलं नाही," ते म्हणाले. "पण खाली छापलं होतं ना, म्हटलं माझंच वय झालं. अशा चौक्या तेव्हा मुंबईच्या खाड्यांवरही होत्या."

साहेब कच्चे नव्हते. भाषणात त्यांनी सांगून टाकलं की स्थानिक इतिहास उजेडात आणण्यासाठी कचेरीने मुद्दाम गावच्या महिलांना पाचारण केलं होतं. टाळ्या पडल्या. मावशी कोपऱ्यात चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या. मी जवळ जाऊन दातओठ खात म्हणालो, "मावशी!"

"मी कुटं काय बोलली?" त्या पुटपुटल्या. "निस्ती च्या प्यायला बोलावली त्यांना."

साहेब मावशींना एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांची ती रीतच नव्हती. पंधरा दिवसांनी फाईल परत आली. मावशींना वाचता येत नव्हतं, म्हणून शेरा मलाच वाचून दाखवावा लागला : 'सदर कामाकरिता रोजंदारी कर्मचाऱ्याची आवश्यकता उरलेली नाही.' मावशी हातातल्या फडक्याची घडी घालत होत्या. ती घडी त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली.

"ते ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "फोटोच्या कार्डावर काय लिवलंस?"

मी नवं कार्ड काढलं. ठिकाणाच्या रकान्यात 'करावे' लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्याखाली माहिती देणाऱ्याच्या नावाचा रकाना होता. "इथे तुमचं नाव घालतो," मी म्हणालो.

"खुला हायस का? माजं नाव बघितलं का साएब कार्ड फाडल आनि परत बरमा लिवल. माजं नको. गाव ऱ्हाऊ दे."

मी रकाना मोकळा सोडला. त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं. साहेबांशी वाद नको, माझी चूक चव्हाट्यावर नको, आणि वर मावशींनीच नको म्हटलेलं. हे सांगताना आजही लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

मावशी गेल्या. पुढे नेरूळच्या बाजारात दोनदा दिसल्या, बोंबील विकताना. दोन्ही वेळा त्यांनी अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं "फोटोवाल्या साएबाला वाट द्या" म्हणून ओरडून माझी फजिती केली. मग तिसऱ्यांदा मी त्या गल्लीतून जायचंच टाळलं.

दशक संपता संपता साहेब निवृत्त झाले आणि विभागाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. आता मला अडवणारं कुणी नव्हतं. आता तरी कार्डावर नाव घालू का, हे मावशींना विचारायला मी एका रविवारी करावे गावात गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. मावशी मात्र तीन महिन्यांपूर्वीच वारल्या होत्या. सुनेने पाणी दिलं. मी कोण ते सांगितल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली.

"तूच का तो? आये सांगायची, हापिसान येक भाऊ हाय. मानूस बरा, पन लय घाबरट."

मी पाणी प्यायलो आणि उठलो.

सोमवारी कचेरी उघडल्या उघडल्या कार्ड काढलं. आमच्याकडे कार्डावर फक्त पेन्सिलीने लिहायचं असतं, चूक झाली तर खोडता यावी म्हणून. मी खिशातलं पेन काढलं आणि मोकळ्या रकान्यात शाईने त्यांचं नाव लिहिलं, बापाचं, नवऱ्याचं, गावाचं धरून, सबंध. शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरून बसलो. ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. मावशींनी मला नको म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांचा शब्द एकदा मोडला तेवढा पुरे.