हैदराबादला जेवायचं कुठे

पवनीतलं कोणी हैदराबादला निघालं की आधी आमच्या दारात. "मॅडम, तुमचं तं तिकडं जाणं-येणं राह्यते. जेवाले चांगलं कुठी?" पहिल्यांदा गेले तेव्हा दोन दिवसांत मी इतक्या हॉटेलांत जेवले, पण धड एकाचंही नाव सांगता येत नाही. सांगणार कसं? ताटाकडे माझं लक्षच नव्हतं. वाढणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा अर्धा उरला, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मुलगा हैदराबादेत कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला आणि सोबत काम करणारी एक तेलुगू मुलगी त्याने पसंत केली. मुलीकडचे चर्चला जाणारे, आम्ही बौद्ध. फोनवर मुलगा म्हणाला, "आई, तिच्या आजोबाचंही घर गावाच्या बाहेरच होतं." मला तेवढं पुरलं. यांना नाही पुरलं. हे जिल्हा परिषदेत बाबू, प्रत्येक गोष्टीची खातरजमा हवी. "जाऊन पाहू. घरात कसे वागवतात त्यावरून मानसं समजतात," म्हणाले.

पण घरात न्यायला तर पाहिजे ना कोणी!

स्टेशनवर मुलीचे वडील आले. हसतमुख माणूस, मोडकंतोडकं हिंदी. आमच्या हातातल्या पिशव्या स्वतः घेतल्या आणि नेलं थेट एका खानावळीत. केळीच्या पानावर भात, वरण, दोन भाज्या. संध्याकाळी डोसा. दुसऱ्या दिवशी सकाळी इडली. दुपारी तर कमाल, एका मारवाडी भोजनालयात फुलके आणि गट्ट्याची भाजी! त्या एका गल्लीत अख्खा देश जेवायला बसलेला. इकडे इराण्याचा चहा, तिकडे तमिळ मेस, मधे बिर्याणीवाल्याचं भलंमोठं पातेलं. वासानेच माझी पावलं थांबली, तर मुलीच्या वडिलांनी हाताने रस्ता दाखवत आम्हाला जवळजवळ पळवलंच.

"अवो, हे आपल्याले पळवून काहून राहिले?" मी यांना विचारलं.

"मले काय विचारते? मी का हैदराबादचा हाओ?"

भोजनालयाच्या खिडकीतून मुलीने बोट दाखवलं, "आंटी, वो हरा दरवाजा, हमारा घर." दोन घरं सोडून! मुलीची आई शेजारीच बसली होती. चांगली साडी नेसलेली, माझ्या ताटात लोणचं वाढत होती, हात धरून हसत होती. मी म्हटलं, चला तर मग, घर पाहून घेऊ. बाईचा चेहराच पडला. "नक्को, अभी नक्को," म्हणाली आणि नवऱ्याकडे पाहू लागली.

मुलाच्या खोलीवर आलो तर यांनी बॅग भरायला घेतली. "समजलं का तुले? हाटेलात बसवून वाढून राहिले. घरात नाही घेत. आपल्याले हे नवीन आहे का? पोराले सांग, सोयरीक होत नाही."

मुलगा डोकं धरून बसला. "आई, मलेही समजून नाही राहिलं," एवढंच म्हणाला. माझ्या डोक्याचा तर भुगा झाला. मुलीकडच्यांचंच घर गावाबाहेरचं, मग ते आम्हाला आणखी कुठे बाहेर काढणार? आणि बाहेरच काढायचं तर बाई माझा हात इतका वेळ कशाला धरून बसेल? पोराचं तोंड पाहवत नव्हतं. रागही येत होता आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

संध्याकाळी सगळे पुन्हा आले. आता म्हणे एका गुजराती थाळीला जाऊ. माझा ताबाच सुटला. मराठीतच म्हटलं, "काहून बाई, तुमच्या घरी चूल पेटत नाही का?"

मुलीला थोडी मराठी समजत होती. तिने आईला सांगितलं. मायलेकींचं तेलुगूत काय काय झालं. मग मुलगी चाचरत म्हणाली, "आंटी, तुम लोगां बुद्धिस्ट ना? गोश्त-मछली नहीं खाते ना? हमारे घर में रोज सुखी मछली पकती. अम्मा दो दिन से खिडक्यां खोलके बैठी है. बास जाताच नहीं."

"आणि हा?" मी मुलाकडे बोट केलं. "हा खात नाही का तुझ्यासमोर?"

"मैं समझी, घर से छुपाके खाता."

"मले कोणी विचारलंच नाही ना!" मुलगा म्हणाला.

मी कपाळावर हात मारून घेतला. अवो, वैनगंगेच्या काठची मानसं आम्ही, मासळी नाही खाणार तर काय खाणार! हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. यांना मात्र हसू आलं नाही. बॅग तशीच ठेवून मुकाट्याने सोबत चालले.

हिरव्या दारातून आत गेलो. बाईंनी घाईघाईने मासळीचं कालवण गरम केलं आणि टेबलावर दोन ताटं मांडली. कोरी करकरीत, कंपनीचे कागद अजून चिकटलेले. दोन पेले, तेही नवे. घरातल्यांची ताटं मांडणीवर वेगळी होती.

हे दारातच थबकले. काय दिसलं यांना, ते मला न सांगता कळलं. गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घरी राबणाऱ्या यांच्या वडिलांचं ताट गोठ्याच्या भिंतीत खोचून ठेवलेलं असायचं. सगळ्यांपासून वेगळं.

वेगळं ताट आम्हाला किती जिव्हारी लागतं, हे या बाईला कोणत्या भाषेत सांगू? तेवढ्यात ती खाली मान घालून काहीतरी बोलली. मुलीचा आवाज बारीक झाला. "अम्मा बोल रही, गांव में हमारे बर्तन में कोई नहीं खाता था. आप लोगां भी शायद नहीं खाते. इसलिए नए लाई."

मग हे आत आले, मांडणीवरचं एक जुनं, काठ चेपलेलं ताट उचललं आणि बाईसमोर धरलं.

"इहीनबाई, मले यातच वाढा."

सोयरीक पक्की झाल्यावर मुलीच्या आईला म्हणायचा शब्द तो. बाई मुलीकडे पाहू लागली, काय म्हणाले म्हणून. मुलगी तोंडावर ओढणी धरून रडत होती, तिला सांगताच येईना. बाईंनी थोडी वाट पाहिली आणि पळीने मासळीचा मोठा तुकडा यांच्या ताटात वाढला.