मुडबी रस्त्यावर जळालेली गाडी

ती पिवळी गाडी धडधाकट असताना मी एकदाच पाहिली होती. जळाल्यानंतरची मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. तरी कुणी त्या दिवसांबद्दल विचारलं की आधी मुडबीजवळचा रस्ता आठवतो आणि त्याच्या कडेचा तो काळा सांगाडा.

मी तेव्हा कर्नाटकाच्या त्या सीमाभागात सर्कल इन्स्पेक्टर होतो. माझं गाव खजुरीकडचं. घरी मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी उर्दू, असं आमच्याकडे सगळ्यांचंच असतं. माणूस मराठीत रडतो आणि आम्ही त्याचा जबाब कन्नडमध्ये उतरवून घेतो. नावं मी मुद्दाम देत नाही. त्या घरातली माणसं अजून हयात आहेत.

तूरडाळीची मिल चालवणारे एक व्यापारी होते. बसवण्णांना मानणारं, सचोटीचं घर. गाव त्यांना अप्पा म्हणे आणि त्यांच्या पत्नीला अक्का. त्यांच्या एकुलत्या एक मुलाने हैदराबादेतून जुनी इटालियन स्पोर्ट्स कार विकत आणली. गाडी वाऱ्याच्या वेगाची, पण बसस्टँडपुढच्या गतिरोधकावर तिच्या चाकांखाली फळ्या टाकाव्या लागत आणि मागून आलेला ट्रॅक्टर हॉर्न वाजवत पुढे निघून जाई. आठवडाभर उभी राहिली की बॅटरी बसे. क्लच जळला, तो परदेशातून मागवावा लागला. दुरुस्तीला हैदराबादहून एक मेकॅनिक लॅपटॉप घेऊन येई. विकणाऱ्याने गाडीसोबत माहितीपुस्तकसुद्धा दिलं नव्हतं. हौसेपुढे कुणाचं चालतं? मुलगा मात्र खूश होता.

गाडी ठेवायची जागा म्हणजे घराला लागून असलेलं मिलचं गोदाम. तूर तिथे उंदीर. एका पावसाळ्यात उंदरांनी तिच्या वायरी कुरतडल्या आणि गाडी कित्येक महिने जागची हलली नाही. मुलगा त्या काळात धड जेवतही नव्हता, असं पुढे अक्कांनीच मला सांगितलं.

गाडी पुन्हा सुरू झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, एका दुपारी, ठाण्यात फोन आला. मुडबी रस्त्यावर गाडी पेटली आहे. मी पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं. शेजारच्या शेतात तूर कापणाऱ्या माणसांनी गाडीच्या मागच्या बाजूने धूर निघताना पाहिला होता. गाडी थांबली, पण मुलगा बाहेर आला नाही. तो आतून काच बडवत होता. गाडीची दारं विजेवर उघडत. वायरी जळाल्यावर ती उघडेनात. हाताने उघडायची दोरी आत असते हे आम्हाला नंतर मेकॅनिकने दाखवलं. त्या पोराला ते कुणी सांगितलंच नव्हतं. शेतकऱ्यांनी दगडांनी काच फोडली, पण उशीर झाला होता. त्यांतल्या एकाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

आम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद केली. संध्याकाळी अप्पा ठाण्यात आले. डोळे कोरडे होते.

"साहेब, हे आपोआप झालेलं न्हाई. ड्रायव्हरला उचला."

ड्रायव्हर त्यांच्याच मिलवर बरीच वर्षं होता. बौद्ध वस्तीतला, चाळिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. पावसाळ्याआधी एकदा त्याच्या हातून त्या गाडीचा तळ दगडाला घासला, तेव्हा मुलाने सगळ्या हमालांदेखत त्याच्या थोबाडीत मारली होती. खुनाचं कारण आयतं मिळालं. दुसऱ्या दिवशी माझा एक खबरी आला. मिलसमोर त्याची चहाची टपरी होती.

"साहेब, आग लागायच्या आदल्या दिशी त्यो गाडीच्या मागं बसून आत कायतरी कोंबायलता. मी बगितलो. इकडं तिकडं बगत कोंबायलता."

अप्पांनी लेखी तक्रार दिली. खुनाचा गुन्हा दाखल झाला. ड्रायव्हरला अटक केली, न्यायालयाने पोलीस कोठडी दिली.

चौकशीला मी स्वतः बसलो. माझ्या अनुभवात गुन्हेगार घासाघीस करतो आणि निरपराध माणूस पोराबाळांच्या शपथा घेतो. या माणसाने दोन्ही केलं नाही.

"गाडीत काय कोंबलास?"

त्याने मान खाली घातली.

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच न्हाई, साहेब. जे लिवायचंय ते लिवा. मी सही करतो."

माझा एक हवालदार अस्वस्थ झाला होता. त्याची पद्धत मला ठाऊक होती. त्याला मी बाहेर पाठवलं. ड्रायव्हरने पाणी मागितलं, प्यायला आणि खाली बघतच विचारलं, "अक्का जेवल्या का, साहेब?"

हा प्रश्न मला खटकला. ज्या घरातला मुलगा मारल्याचा आरोप आहे त्या घरची बाई जेवली का, हे कोठडीतला माणूस विचारतो! मी पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. त्याने तोंड उघडलं नाही.

बाहेर वातावरण तापत होतं. वस्तीतल्या बायांना मिलवर कामाला घेणं बंद झालं. ड्रायव्हरची बायको रोज ठाण्याच्या पायरीवर डबा घेऊन बसे. एकदा मला अडवून म्हणाली, "साहेब, त्यो गप कामून बसलाय ते मला बी सांगंना. एकदा मारून तरी बोलता करा त्याला." नवऱ्याला मारा म्हणणारी बायको मी पहिल्यांदाच पाहिली. खुनाच्या गुन्ह्यात तो माणूस जन्मभर सडला असता आणि वस्तीला गाव सोडावं लागलं असतं, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

मग गाडी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून फोन आला. इंजिन आणि सायलेन्सरच्या मधल्या फटीत कापडाचा अर्धवट जळालेला बोळा सापडला होता, त्यात कसल्या तरी पानांचा कोळसा. मी गोदाम पाहायला मिलवर गेलो. तिथे त्यांची जुनी जीप उभी होती. मी सहज तिचं बॉनेट उचललं. बॅटरीच्या बाजूला, थंड जागी, जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली एक पुरचुंडी होती. उघडली तर आत तंबाखूची सुकी पानं. ट्रॅक्टरमध्ये पाहिलं, तिथेही तशीच.

अक्का दारात येऊन उभ्या होत्या.

"ते कामून सोडायलाव, साहेब? उंदरासाठी ठिवलंय ते. तंबाखूच्या वासाला उंदीर येत न्हाई. माझ्या माहेरी बी असंच करतेत."

"सगळ्या गाड्यांत ठेवता?"

"व्हय की. त्या गाडीत बी ठिवायला लावले. माझं पोर वायरीपायी किती दिवस उपाशी झोपलं. ड्रायव्हर म्हणला, अक्का, ह्याचं इंजिन मागं हाय. मी म्हणले, मग मागं ठिव. आन् पोराला सांगू नको म्हणले, हसंल मला."

त्या हे सहज, घरातलं काही सांगावं तसं बोलत होत्या. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या हातातल्या कापडावर गेली आणि मग माझ्या तोंडाकडे. त्या थांबल्या. चेहरा लपवायला मला जमलं नसावं.

"त्या ड्रायव्हरला ह्याच्यासाठी आत टाकलाव?"

"त्याने सांगितलं नाही, अक्का. काहीच सांगितलं नाही."

त्या आत गेल्या आणि पायात चपला घालून बाहेर आल्या. अप्पा ओसरीवरून उठले. "कुठं चाललीस?"

"ठाण्याला."

"तुला काय कळतंय त्यातलं? घरात बस."

"माझं पोर गेलं," त्या म्हणाल्या. "आता दुसऱ्याच्या लेकराला खाऊ का?"

अप्पा मागे सरकले आणि ओसरीच्या खांबाला धरून उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

ठाण्यात ड्रायव्हरला कोठडीबाहेर आणलं. अक्कांना बघताच तो ओरडला, "तुमी कामून आलाव? साहेब, ह्यांचं ऐकू नका! मीच ठिवलो. माझ्याच मनानं ठिवलो." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो रडला. अक्का त्याच्या समोर बसल्या आणि जबाब दिला. मी विचारत होतो, त्या मराठीत सांगत होत्या, लेखनिक कन्नडमध्ये लिहीत होता. मध्येच लेखनिकाचा हात थांबला आणि त्याला पाणी प्यायला उठावं लागलं.

हैदराबादच्या मेकॅनिकचाही जबाब झाला. मागच्या बाजूने तेल झिरपत होतं, तेल अडवणारं रबरी सील मागवलं होतं, तोवर गाडी बाहेर काढू नका असं त्याने मुलाला बजावलं होतं. मित्र गाडी बघायला आले, म्हणून मुलाने ती काढली. प्रयोगशाळेने शेवटी लिहिलं की तापलेल्या सायलेन्सरवर तेलही होतं आणि कापडही. आधी काय पेटलं हे खात्रीने सांगता येत नाही. खुनाचा गुन्हा उरला नाही. न्यायालयात अहवाल गेला, ड्रायव्हर सुटला. वस्तीतल्या बायांना मिलवर परत घेतलं, पण अप्पांनी पुन्हा त्यांच्यापैकी कुणाकडे वर मान करून पाहिलं नाही असं म्हणतात.

त्यानंतर हाताखालच्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी एक गोष्ट सांगत आलो. माणूस गप्प बसला की तो काय लपवतोय एवढंच विचारून थांबू नका. तो कुणासाठी लपवतोय तेही बघा. पुष्कळदा तपास तिथूनच पुढे सरकतो.

अहवाल गेल्यानंतर काही दिवसांनी अक्का ठाण्यात आल्या. ड्रायव्हर त्यांना सोडायला आला होता, तो दाराशीच उभा राहिला. खूप वाळल्या होत्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"साहेब, एकच विचारायचं हाय. खरं सांगा. तेलानं लागली का माझ्या कापडानं?"

प्रयोगशाळेचा कागद माझ्या टेबलावरच होता. दारातून ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता.

"तेलाने, अक्का," मी म्हणालो. "कापड नंतर पेटलं."

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. जाताना दाराच्या चौकटीला हात टेकून त्या क्षणभर थांबल्या आणि मग ड्रायव्हरच्या मागे पायऱ्या उतरल्या. अहवालात मी तसं लिहिलेलं नाही. तिथे जेवढं सिद्ध झालं तेवढंच आहे. पण उद्या त्या पुन्हा येऊन विचारतील, तर मी हेच उत्तर देईन.