सेनापतीची आक्का

दुपारी चारच्या सुमाराला सेनापती बहिणीशी बोलायचा. ती बहीण वारून सहा वर्षं झाली होती.

शिवऱ्यात हायवेला लागून आमचे दोन गाळे, मध्ये नुसती प्लायवूडची पडदी. अलीकडे माझं ब्लाउज आणि पिको-फॉलचं दुकान, पलीकडे त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं. पलीकडून आवाज यायचा, "आक्का, माघारी ये. तिथं हुबी ऱ्हाऊ नको, बाण लागंल." माझ्याकडे माप द्यायला आलेल्या बायका दचकायच्या. मी म्हणायचे, "घाबरू नका गं, सेनापती लढाईवर हाय." हे नाव मीच ठेवलेलं, आणि गावाने ते उचललं. आता तो गाळा बंद आहे, सेनापती पुण्याला नोकरी करतो. तरी चार वाजले की शिलाई मशीनवरचा माझा पाय थांबतो.

लढाई कॉम्प्युटरवरची. कॉलेजात असताना कुणाकडून तरी मिळालेला जुना खेळ होता तो. स्क्रीनवर चौकटी, त्यात पंधरावीस माणसांची फौज, एक चाल आपली आणि एक शत्रूची. प्रत्येक माणसाला आपण नाव द्यायचं, लढून लढून ते माणूस हुशार होत जायचं. आणि मेलं की मेलं, पुन्हा मिळायचं नाही. बाकीचे म्हणे खेळ मागे नेऊन त्याला वाचवायचे. सेनापतीने ते कधीच केलं नाही. "गेलेलं माणूस गेलं, वैनी. त्याला असं फुकटात उठवायचं म्हंजे त्याच्या मरणाची चेष्टा." मी म्हणायचे, "अहो, चित्रातला माणूस तो!" यावर तो असा बघायचा, की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

फौजेत जखमा बऱ्या करणारी एक वैदीण होती, तिचं नाव त्याने आक्का ठेवलं, ते खरी आक्का जिवंत असतानाच. आईबाप लवकर गेले, तिनेच त्याला वाढवलं, आणि त्यात तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. वरव्याच्या घरून त्याचा डबा घेऊन यायची, स्क्रीनवर स्वतःला बघून पदर तोंडाला लावून हसायची. "मला कशाला लढाईला नेतोस रं? मला भाकरी टाकायच्यात." मग एका सकाळी तिच्या छातीत कळ आली. "मला काय झालं न्हाई. तू जा, दुकान उघड," ती म्हणाली, आणि हा आला. बाराला शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा तो कुणाच्या तरी उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म भरत होता.

तो रडला नाही. तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि चारला खेळायला बसला. खेळात शेवटची एक लढाई राहिली होती, ती मात्र त्याने सहा वर्षं लढलीच नाही. "तिथं वैदीण वाचत न्हाई," म्हणायचा. लहानसहान चकमकी लढत आक्काला रोज थोडं फिरवून आणायचा. एकदा मी चिडलेच. "लग्नाचं बघा आता. काय भूत धरून बसलाय!" तर म्हणाला, "भूत कसलं वैनी? भूत बोलतं तरी. ही बोलत न्हाई."

मग बातमी आली, की इतक्या वर्षांनी त्या खेळाचा नवा भाग येतोय. जुनी फौज तशीच्या तशी त्यात नेता येणार, आणि माणसं बोलणारसुद्धा. बाई गं, काय त्याचा उत्साह! कॉम्प्युटरला नवे पार्ट बसवले, दाढी केली, पडदीवर थाप मारून मला बोलावलं. "वैनी, या. आक्काला बघायला या."

मी मशीन सोडून गेले. आक्का आली खरी, पण कॅलेंडरवरच्या बाईसारखी गुळगुळीत. लढाई सुरू झाली, तर चाल विचार करून करायची सोयच नाही. एक बटण दाबलं, की फौज आपली आपण धावत सुटते. त्या धांदलीत आक्का पुढे गेली आणि पडली. सेनापती खुर्चीतून उठलाच. लढाई संपली, छावणी दिसली, आणि छावणीत आक्का हसत उभी! नव्या भागात कुणी मरतच नव्हतं. ती इंग्रजीत काहीतरी बोलली.

"काय म्हणती?" मी विचारलं.

"मला काय झालं न्हाई, तुमी फुडं चला, म्हणती."

त्याने पुन्हा लढाई लावली. ती पुन्हा पडली, पुन्हा उठून हसत तेच बोलली. तिसऱ्यांदा मीच हात घालून बटण बंद केलं. "पुरे करा हो!"

"इतकी वर्षं वाट बघितली, आन् ह्या खेळवाल्यांनी हे असलं केलं," तो म्हणाला. मग बंद स्क्रीनकडे बोट करून बोलला, "खोटं बोलती ती. त्या सकाळीबी खोटंच बोलली, वैनी. आन् मला ते कळलं व्हतं. तरी म्या आलो."

पुढे आठ दिवस पडदीपलीकडून आवाज नाही. ज्या आवाजाला मी नावं ठेवायचे, त्याच्यावाचून माझी टीप वाकडी जायला लागली. नवव्या दिवशी त्याने हाक मारली. "जुनाच खेळ लावलाय. शेवटची लढाई. हितं बसा जरा."

अडीच तास चालली. एकाही चालीत तो आक्काशी बोलला नाही. शत्रूचा घोडेस्वार आला, आणि आक्काची चौकट रिकामी झाली. बस, एवढंच. हा थांबला नाही, लढत राहिला आणि जिंकला. शेवटी वाचलेल्यांची नावं आली, ती त्याने एकेक करून वाचली. आणि मग टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. मी पाठीवर हात फिरवत राहिले. मलाही आवरेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने भोरला तहसील कचेरीत गेलो. त्याच्या रेशनकार्डावर अजून दोन नावं होती, त्याचं आणि आक्काचं. गावातल्या प्रत्येक मयताचा नाव कमी करायचा फॉर्म यानेच भरलेला, घरचा तेवढा राहिला होता. व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्याने भराभर रकाने भरले, आणि 'कारण' या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. मला वाटलं, एवढं माझ्याकडून लिहून घेईल. मी हातही पुढे केला. त्याने मान हलवली, आणि लोकांच्या फॉर्मवर लिहायचा तशाच टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'मयत'.