भोरला कोण जाणार

या वेळी सायकलवर भोरला जायचं की वाईला, यावर माझ्याच घरी, माझ्याच चहावर मित्रांचा वाद रंगला होता. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून माझी सायकल गॅलरीत उभी आहे; तिच्यावर टॉवेल वाळतात. तरी मी सांगितलं, "भोरला जा. रस्ताभर भातखाचरं आहेत."

"ठरलं! आम्ही भोरला जातो," शिरीष म्हणाला.

वीस वर्षं हाच शिरीष 'आपण जाऊ' म्हणायचा. 'आपण'मध्ये मी असायचो. या 'आम्ही'त माझ्या जागी आलेला नितीन होता. ऑपरेशननंतर गुडघासुद्धा इतका दुखला नव्हता.

"तुझा पंप देशील का रे? नितीनकडे नाहीये."

"हरवला रे," मी म्हणालो.

पंप शिरीषच्या डोक्यामागेच खिळ्याला लटकत होता.